नवरीचा पाय ओळखणारी गाडी

वैशाख लागला, की आमच्या जाफराबादच्या बाजारात दोन वास एकमेकांत मिसळतात. एक झेंडूचा, पाणी मारमारून जिवंत ठेवलेल्या, बुडाशी काळ्या पडत चाललेल्या झेंडूचा. दुसरा तापलेल्या पेट्रोलचा. लग्नसराई म्हटलं की इतर बायकांना मोगरा आठवत असेल, कैरीचं पन्हं आठवत असेल, नव्या शालूच्या घडीचा वास आठवत असेल. आठवू दे बापड्यांना. मी हे दोन वास एकत्र आले की खिडकी लावून घेते. माझं लग्न ह्याच दोन वासांत लागलं.

यंदा ते जरा जास्तच झालं, कारण यंदा ती गाडी परत आली. माझ्या नणंदेच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं. नणंद हसनाबादला दिलेली, म्हणून लग्न तिथेच, दारात मांडव घालून. नवरदेवाकडच्यांनी हौसेनं जालन्याची ती जुनी मोटार सांगितली. "मामी, राजाची गाडी हाय म्हणे! फोटो पाठवलाय, पाहा ना जल्दी," ऋतुजा फोनवर म्हणाली. पोरगी खुशीत होती. मी फोटो पाहिला. रंग नवा होता, बाकी सगळं तेच होतं. मी "छान आहे गं" म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडी राजाची नव्हती. जालन्याच्या एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याच्या आजोबांनी ती निजामाच्या वेळी हैदराबादेतल्या कुणा नवाबाकडून उचललेली. काळी, लांबलचक, कमरेएवढ्या चाकांची. दाराखाली पाय ठेवायला फळी, आत लाल कातड्याची बैठक, आणि बॉनेटच्या दोन्ही कुशींना माशाच्या कल्ल्यांसारख्या उभ्या फटी. त्या फटी लक्षात ठेवा. माझ्या आयुष्याचं जे काही झालं ते त्या फटींमुळं झालं, म्हणजे त्या बुजवल्या म्हणून झालं. ह्या व्यापाऱ्याला सगळे शेठजी म्हणत. शेठजी उन्हाळ्यात गाडी लग्नांना भाड्यानं देत आणि उरलेलं वर्ष तिच्यावर चादर टाकून ठेवत.

तिची देखभाल माझे वडील करत. अण्णांचं गॅरेज जालन्यात धान्याच्या मोंढ्याच्या मागे होतं. ट्रॅक्टर, जीप, पाण्याची इंजिनं, काय वाटेल ते दुरुस्त करायचे. जिल्ह्यात आपल्याला तोड नाही असं लोक म्हणतात, असं अण्णा स्वतःच सांगायचे. माणूस हुशार होता यात वाद नाही, पण त्या हुशारीला जरा कुणी बोट लावलं, की फणा काढायचा. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, काल दुरुस्त केली, आज पुन्हा बंद," तर अण्णा गाडीकडे न बघता आधी गिऱ्हाइकाकडे वरपासून खालपर्यंत बघायचे.

मी बोलते आहे त्या एकाच उन्हाळ्याबद्दल. त्या सराईत गाडीची तक्रार यायला लागली, आणि प्रत्येक वेळी तीच. सकाळी उन्हं चढायच्या आत परण्या निघतो, म्हणजे नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला वाजतगाजत नेतात. तेव्हा गाडी लोण्यासारखी चालायची. दुपारी लग्न लागायचं, जेवणं व्हायची. मग पाठवणीच्या वेळी नवरदेवाचे दोस्त गाडी जानवशापासून, वऱ्हाड उतरलेल्या घरापासून, मांडवापर्यंत नाचत आणायचे. पुढे बँड, मागे मुंगीच्या पावलानं गाडी, वर आग ओकणारं आभाळ. मांडवासमोर गाडी बंद करायची, आणि नवरी आईच्या, मावशीच्या, आत्याच्या, शेजारणीच्या गळ्यात पडून रडायची. रडणं यथासांग झालं की तिला आत बसवायचं. ड्रायव्हर किल्ली फिरवायचा. इंजिन नुसतं कण्हायचं आणि गप्प व्हायचं. जवळजवळ प्रत्येक वेळी. नवरी बसली की गाडी बंद.

अण्णांनी काय केलं नाही! प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर उघडून पार रॉकेलनं धुतला, टाकी उतरवून गाळ काढला. पण गाडी गॅरेजात यायची ती संध्याकाळी, थंड होऊन, आणि पहिल्याच फटक्याला सुरू व्हायची. दुखणं असं, की डॉक्टरकडे आलं की नाहीसं व्हावं. शेठजी रोज निरोप पाठवायचे, गावातले दुसरे मिस्त्री गालात हसायचे, आणि अण्णा जेवताना भाकरी मोडायच्या ऐवजी चिरडायचे.

असंच घनसावंगीकडच्या एका लग्नात ते स्वतः गाडीबरोबर गेले. गाडी वेळेवर बंद पडली. दोन्हीकडची मंडळी भोवती जमली आणि कुणीतरी विचारलं, "काय हो मिस्त्री, काय दोष हाय गाडीत?" अण्णांना कारण सापडलं नव्हतं, आणि सापडलं नाही असं म्हणायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. हात पुसत ते म्हणाले, "गाडीत काहीच दोष न्हाई. बिलकुल न्हाई. बसणारीचा पायगुण पाहा."

घरी येऊन त्यांनी हे आम्हाला हसत सांगितलं. आपण लोकांचं तोंड कसं बंद केलं याची गोष्ट म्हणून सांगितलं. ती नवरी कोण, तिचं नाव काय, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. पुढं तिच्या सासरची म्हैस गाभडली आणि विहिरीची एक बाजू ढासळली. विहीर म्हणे आधीपासूनच कलली होती. पण जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या मिस्त्रीनं भर मांडवात निदान केलं होतं. मृग लागायच्या आधीच तिला तिच्या ट्रंकेसकट माहेरी आणून सोडलं. ही बातमीही आमच्याकडे आली. अण्णा तेव्हा एका जीपखाली पडून पाना मागत होते. त्यांनी बातमी ऐकली आणि पुन्हा पाना मागितला.

उन्हाळ्यात माणसं निर्दय होतात असं मला वाटायचं. आता वाटतं, ती बाराही महिने तशीच असतात, उन्हाळ्यात फक्त त्यांच्याकडे वेळ असतो. पेरणी नसते, वेचणी नसते. झाडाखाली बसून दुसऱ्याच्या पोरीचा उद्धार करायला सवड असते. पायगुणाची गोष्ट भोकरदनपासून गोदाकाठापर्यंत गेली. गाडीचं भाडं पडायच्या ऐवजी मागणी वाढली, कारण आता प्रत्येक वरमाईला आपली सून त्या गाडीत बसवून पाहायची होती. सोनं कसाला लावावं तसं. ज्या दिवशी आभाळ भरून आलं, त्या दिवशी गाडी सुरू व्हायची आणि त्या दिवशीची नवरी लक्ष्मी ठरायची. लोक तिच्या पायावर पाणी घालायचे. ज्या दिवशी कडक ऊन, त्या दिवशीची नवरी अवदसा. कुठली मुलगी आयुष्यभर लक्ष्मी म्हणून मिरवणार आणि कुठली मान खाली घालून भांडी घासणार, हे त्या सराईत एखादा ढग ठरवायचा.

खरं कारण अण्णांना सापडलं ते रसवंतीवर. गाडी तपासायला म्हणून त्यांनी ती भर दुपारी गावाबाहेर काढली आणि मलाही बरोबर घेतलं. माझं लग्न ठरलेलं होतं, आता पोरगी थोड्या दिवसांची म्हणून जरा लाड चालले होते. शेठजींच्या माणसांनी दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी बॉनेटवर फुलांची चादर आधीच बांधून ठेवली होती. तारेत ओवलेला झेंडू, इतका दाट की खालचा पत्रा दिसू नये. रस्त्याचं काम चाललं होतं म्हणून गाडी हळूहळू न्यावी लागली. रसवंतीच्या सावलीत आम्ही बसलो, बर्फ घातलेला रस प्यायलो. परत येऊन अण्णांनी किल्ली फिरवली. गाडी कण्हली आणि गप्प झाली.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवरी नव्हते. साधा पंजाबी ड्रेस, पायात रबरी चपला.

"तूबी पांढऱ्या पायाचीच दिसून राह्यली गं," ते म्हणाले आणि रसवंतीवाल्याकडे पाहून मोठ्यानं हसले. रसवंतीवालाही हसला.

मग अचानक ते थांबले. खाली उतरून त्यांनी फुलांची चादर वर सारली, बॉनेट उघडलं आणि पेट्रोलच्या तांब्याच्या पायपाला हात लावला. हात लावला तसाच झटकला. चांगलाच भाजला होता. रसवंतीवाल्याकडून बर्फाचं ओलं गोणपाट मागून आणलं आणि पायपावर, पंपावर गुंडाळलं. थोड्या वेळानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

"पेट्रोल उकळून राह्यलंय," अण्णा स्वतःशीच म्हणाले. "पायपातच वाफ व्हऊन बसली. पंप वाफ कशी ओढील? गाडी चालू हाय तवर पंखा तरी फिरतो. थांबली की संपलं. अन् वरून ही फुलं, यंदाचीच टूम. फटीच बुजवून टाकल्या लेकाच्यांनी. गरम हवा निघंल कुठून?"

इतकं सोपं होतं. इंजिन तापवायचं, मग बंद करून उन्हात उभं करायचं, वर फुलांची गोधडी घालायची आणि नवरीला पोटभर रडू द्यायचं. पायगुण एवढाच होता.

मी विचारलं, "मंग त्या घनसावंगीच्या पोरीचं काय, अण्णा?"

"तिचं काय?"

"तुम्ही म्हणल्ते ना, तिचा पाय."

अण्णांनी बॉनेट आदळलं. "ते म्हणायचं असतंय. बस गाडीत."

पण ते शेठजींकडे गेले मात्र खरे. मी गाडीतच बसून होते आणि शेठजी ओट्यावर, त्यामुळं सगळं ऐकू आलं. अण्णा म्हणाले, "शेठजी, दोष सापडला. फुलं बंद करा अन् पायपाला वलं फडकं ठेवा. गाडी कधीच बंद पडणार न्हाई."

शेठजी थंडपणे म्हणाले, "मिस्त्री, लोक गाडी कामून मागून राह्यलेत? चांगली दिसती म्हणून? ती नवरीचा पाय ओळखती म्हणून. तुम्हीच सांगितलं न्हवं का तसं? आता तुम्हीच म्हणाल की पायगुण न्हाई, पेट्रोल उकळतं. मंग लोक विचारतील, मिस्त्रीला इतके दिवस कळलं कामून न्हाई?"

अण्णा हातातल्या फडक्यानं बोटं पुसत राहिले. शेठजींनी आवाज मऊ केला. "तुमच्या पोरीचं लग्न हाय ना? गाडी आपली. खर्चा आपला. शब्द दिला तुम्हाला."

अण्णांनी हात जोडले.

माझं लग्न सराईच्या अगदी शेवटी होतं. मृगाचे ढग रोज संध्याकाळी यायचे आणि न पडता निघून जायचे. मी रोज आभाळाकडे बघायची. शेतकरी बघत नसेल इतकी बघायची. लग्नाच्या दिवशी आभाळ पुसून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख होतं. अण्णांनी बादलीत ओलं गोणपाट तयार ठेवलं होतं आणि शेठजींच्या माणसांना फुलं नकोत म्हणून बजावलं होतं. पण चादर आली ती नवऱ्याकडून. माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, ती खास बनवून घेतली होती. त्यांना मी पहिल्यापासून आत्याबाईच म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात.

अण्णा त्यांच्याकडे गेले. "विहीणबाई, तेवढी फुलं बॉनेटवरून काढू द्या. गाडीला हवा लागती."

आत्याबाई चारचौघींत होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नातली फुलं कुणी काढतं का हो, भाऊ? असलं अभद्र तोंडातून तरी काढू नका."

माझं रडून झालं. मी फळीवर पाय ठेवला, आत बसले. लाल कातडं पोळत होतं. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली.

तो आवाज मी अजून हुबेहूब काढून दाखवू शकते. आजारी म्हातारा कण्हावा तसा तीनदा, मग काहीच नाही. बँड आपोआप थांबला. त्या शांततेत आत्याबाई म्हणाल्या, ओरडून नाही, अगदी घरातलं बोलावं तशा, "मिस्त्रीची पोरगी हाय, अन् तिलाबी गाडीनं ओळखलं."

अण्णा गर्दीतून धावत आले. चादर फाडून काढली, गोणपाट गुंडाळलं, उभे राहिले. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली. दोष अचूक ओळखून, अचूक उपाय करून त्यांनी ती सुरू केली आणि त्याच क्षणी माझ्यावर शिक्का बसला. कारण मागून कुणीतरी म्हणालं, "पाहा, बापानं हात लावला अन् निघाली. पोरीच्या पायानं बंद पडल्ती."

तेव्हा अण्णा गाडीच्या फळीवर चढले आणि भर मांडवात ओरडले, "पोरीचा काही दोष न्हाई! पेट्रोल उकळल्तं! मी खोटं बोल्लो होतो! त्या घनसावंगीच्या पोरीचाबी काही दोष नव्हता!" त्यांचा आवाज फाटला. आयुष्यात पहिल्यांदा ते असं बोलले असतील.

लोकांनी माना हलवल्या. कुणाला कीवही आली. आत्याबाई माझ्या मावशीला म्हणाल्या, "बाप हाय. बोलणारच."

दुसऱ्याच्या मुलीबद्दल ते खोटं बोलले तेव्हा ते मिस्त्री होते, म्हणून जिल्हाभर पटलं. स्वतःच्या मुलीबद्दल खरं बोलले तेव्हा ते बाप होते, म्हणून कुणाला पटलं नाही. दर दिवाळीला ते जाफराबादला यायचे. एकदा तर पिशवीत तांब्याच्या पायपाचा तुकडा घेऊन आले आणि आत्याबाईंना वाफ कशी अडते ते समजावून सांगत बसले. आत्याबाईंनी सगळं ऐकलं, चहा दिला, आणि ते गेल्यावर तो तुकडा मोडीत काढला. आता अण्णा नाहीत. मी त्यांना माफ केलं का, असं मला कधी कधी विचारावंसं वाटतं, स्वतःलाच. नाही केलं. ते समोर असते तर पोटभर भांडले असते आणि मग जेवायला वाढलं असतं.

मला कुणी मारलं नाही, टाकलं नाही, हेही सांगायला हवं. नवरा बरा आहे. बोलत नाही एवढाच, कुणाच्याच बाजूनं बोलत नाही. फक्त घरात नवं वाहन आलं की मला आत पाठवतात. ट्रॅक्टर आला तेव्हा आत. दिराची जीप आली तेव्हा आत. कुंकवाचं, लिंबाचं, नारळाचं ताट मी तयार करायचं, वात मी लावायची, आणि दारापर्यंत आणून जावेच्या हातात द्यायचं. मग दाराआड उभं राहून नारळ फुटल्याचा आवाज ऐकायचा. सुरुवातीला मी रडायची. पुढं ताटात मुद्दाम किडका लिंबू ठेवायला लागले. तेवढाच आनंद.

मागच्या पाडव्याला माझ्या स्वतःच्या मुलानं मोटरसायकल घेतली. मला वाटलं, निदान आज. तो म्हणाला, "मम्मी, दोन मिनिटं आत थांब ना. आजी उगंच किटकिट करती." दोन मिनिटं. मी आत थांबले. खिडकीतून त्याच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा दिसला.

ह्या सगळ्यासकट मी हसनाबादला गेले. आदल्या दिवशीच शेठजींच्या मुलानं ठेवलेल्या ड्रायव्हरला गाठलं. "दादा, बॉनेटवर फुलं नका टाकू. पेट्रोल उकळतं. हल्लीचं पेट्रोल तर जास्तच लवकर उकळतं."

तो मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, "काकू, फुलं न्हाई टाकली तं फोटोत गाडी म्हातारी दिसती."

मग नणंदेला सांगायला गेले. वन्सं मेंदीच्या हातांनी हिशोबाच्या गडबडीत होत्या. "वहिनी, हात जोडते, आजच्या दिवस त्या गाडीचं नाव काढू नको," म्हणाल्या. आत्याबाईंनी तर माझी जागाच ठरवून दिली. आता त्या थकल्यात, काठी घेऊन चालतात, पण जीभ तशीच आहे. "पाठवणीच्या वक्ताला तू तिकडं आचाऱ्याजवळ थांब. बराबर तिथंच. पुढं येऊ नको."

मी आचाऱ्याजवळ थांबले. उरलेल्या बुंदीला मुंग्या लागल्या होत्या. तिथून डीजे ऐकू येत होता आणि गाडी येताना दिसत होती. पुढं नाचणारी पोरं, मागे ती, डोक्यापर्यंत झेंडूत बुडालेली. ऊन असं की तव्यावर उभं राहावं. गाडी थांबली. ऋतुजा रडायला लागली. जन्मभराची मवाळ पोर, प्रत्येकाच्या गळ्यात पडली, कुत्र्यालाही विसरली नाही. माझ्याकडे येऊन रडली तेव्हा मी म्हणाले, "बास कर, जल्दी बस." तिला वाटलं मामी रागावली.

ती बसली. तोच आवाज झाला.

खोटं कशाला बोलू? मला आधी बरंच वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं. मी आत्याबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. काठीवरचा त्यांचा हात पांढरा पडला होता. त्यांची लाडकी नात, त्यांच्याच पोरीची पोर, त्या लाल कातड्यावर बसली होती आणि गर्दीतून एक म्हातारी म्हणत होती, "हीच ती गाडी न्हवं का? नवरीचा पाय वळखणारी?" मला वाटलं, चाखू दे. एकदा तरी चाखू दे हिला.

मग ऋतुजाच्या नव्या सासूचा चेहरा दिसला. तो मला ओळखीचा होता. राग नाही, दुःख नाही, नुसती नोंद घेणारा. आणि गाडीच्या उघड्या दारातून ऋतुजा दिसली, मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत होती. मेंदी काढलेले पाय तिनं हळूच शालूखाली ओढून घेतले.

मी निघाले. गर्दी फोडत सरळ गाडीपाशी गेले आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. फुलांच्या खाली पत्रा जळत होता. मी चादरीच्या तारा मुठीत घट्ट धरल्या.

"अगं ए!" आत्याबाई किंचाळल्या. "तुला हजारदा सांगितलं, गाडीजवळ मरू नको म्हणून! कामून आली पुढं?" आणि मग नव्या विहिणीकडे वळून, धाप लागत, जवळजवळ आनंदानं म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीचं काही न्हाई हो! ही आमची सून. हिच्या लग्नात बी हीच गाडी बंद पडल्ती. हिचाच पाय हाय. इचारा कुणालाबी!"

सगळ्यांच्या नजरा ऋतुजावरून सुटल्या आणि माझ्यावर आल्या. ते मला अंगावर पाणी पडावं तसं कळलं. वन्संनी माझा दंड धरला, नवऱ्यानं दुसरा. "चल ना, कशाला तमाशा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो चारचौघांत बोलला. त्यांनी ओढलं आणि मी चादर सोडली नाही. त्यांनी आणखी ओढलं. तारा तटातटा तुटल्या आणि सबंध चादर माझ्याबरोबर जमिनीवर आली. फटी मोकळ्या झाल्या. त्यातून भट्टीसारखी हवा बाहेर पडताना मला दिसली, कारण पलीकडची माणसं तिच्यातून हलताना दिसत होती. ड्रायव्हर रंगाला ओरखडा पडला म्हणून शिव्या देत आला आणि इंजिनाला काय झालं ते पाहायला त्यानं बॉनेट उघडून उभं केलं.

आता फक्त वेळ हवा होता. मी झेंडूत बसून राहिले. उठवलं तर रडायला लागले, रडू आलंच होतं. आत्याबाई बोलत होत्या, मी उलट उत्तरं देत होते, त्या आणखी बोलत होत्या. माझ्या माहेराचा, माझ्या पायाचा, माझ्या बापाचा उद्धार झाला. मी ऐकत होते आणि इंजिनाकडे बघत होते. पाईप हाताला सोसवेल एवढा निवला की निघते, असं अण्णा म्हणायचे. वरची हवा हलायची थांबली तेव्हा मी उठले, पदर झटकला आणि मुकाट्यानं आचाऱ्याकडे चालू लागले.

मी पातेल्यांपाशी पोहोचते न पोहोचते तोच मागे गाडी सुरू झाली. टाळ्या पडल्या. आत्याबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर आला, "पाहा! बाजूला काढली अन् निघाली!"

दुसऱ्या दिवशी ऋतुजाचा फोन आला. सासरी सगळे चांगले आहेत म्हणाली. उंबऱ्यावर सासूनं तिच्या पायावर पाणी घातलं आणि लक्ष्मी आली म्हणून ओवाळलं. तिचा आवाज ऐकून मला बरं वाटलं.

मग तिनं आवाज बारीक केला. "पण मामी, तुम्ही काल पुढं कामून आल्ता हो? माझं लग्न होतं. आजीनं तुम्हाला सांगितल्तं ना? तुम्हाला माहीत होतं ना, तुम्ही जवळ गेल्या की काय होतं ते?"

"हो गं," मी म्हणाले, "माहीत होतं."